अर्ध्या शेराची लेन्स

जबलपूरच्या मराठी घरांत कॅमेरा एकट्यादुकट्याच्या मालकीचा नसायचा. तो घराचा असायचा, आणि घराचा म्हणजे काका-आत्या-मावश्या धरून सगळ्या गोतावळ्याचा. गढ्याच्या काकांचा ‘क्लिक थ्री’ राइट टाउनच्या मुंजीला जायचा, मुंजीहून गोलबाजारातल्या बारशाला, आणि मध्येच कोणी तो संक्रांतीला तिलवाऱ्याच्या जत्रेला नेला की मग तो नक्की कोणाच्या फडताळात आहे याचा पत्ता पोस्टमनलाही लागला नसता. त्यात रोल अर्धवट भरलेला. पहिले पाच मुंजीचे, मधले तीन बारशाचे, उरलेले चार जत्रेचे. धुलाईचे पैसेही त्याच हिशेबाने वाटायचे, आणि एखादा फोटो काळा आला की तो कोणाच्या वाट्याचा यावरून दोन घरांत अबोला.

आग्फाचा हा क्लिक थ्री बडोद्याला बनायचा. १२० चा रोल, १२ चौकोनी फोटो. मागे छोटी लाल खिडकी, तिच्यात पुढचा आकडा उगवेपर्यंत चावी फिरवायची. पुढे उन्हाची खूण आणि ढगाची खूण, त्यातली एक निवडायची. बाकी सगळं नर्मदामैयावर सोडायचं. शटर सेकंदाच्या साधारण तिसाव्या भागाचं, आणि ते बदलायची सोय नाही.

आमच्या लहानपणाची सगळी शिस्त त्या तिसाव्या भागात होती. तेवढ्या वेळात हात लवभर हलला तरी आजीला दोन नाकं यायची. म्हणून फोटो काढणारे काका आधी ओसरीच्या खांबाला पाठ टेकायचे, दोन्ही कोपरं बरगड्यांना घट्ट लावायचे, श्वास अर्धा सोडून धरायचे आणि मग ओरडायचे, “हलू नका!” ओरडलं की श्वास सुटायचा. मग पुन्हा पाठ, पुन्हा कोपरं, पुन्हा श्वास. तोवर बटू रडायला लागलेला, आत्याचा पदर वाऱ्याने उडालेला आणि पाटावरच्या आजी उठून दूध उतू गेलं का ते बघायला आत गेलेल्या.

हलू नका, हे आम्ही इतक्या वेळा ऐकलं की आमच्या जुन्या अल्बमात हसणारा माणूस सापडणं कठीण. केळवणाच्या पंगतीत हलू नका. नव्या स्कूटरवर बसलात तर बसा, पण हलू नका. गणपतीपुढे आरतीचं तबक हातात धरा, ओवाळू नका. भेडाघाटला धुवांधार धबधब्याच्या कठड्याशी सगळं घर एका ओळीत, चेहऱ्यावर तुषार उडताहेत, आणि कोणी डोळा मिटायचा नाही. पुढच्या पिढीला वाटतं की आम्ही सगळे तेव्हा फार दुःखी होतो.

पुढे ३५ मिलीमीटरचे कॅमेरे आले. कोणाकडे याशिका, कोणाकडे हॉट शॉट. रोल ३६ चा झाला, म्हणजे खर्च तिपटीने वाढला असं आईने लगेच सांगितलं. उटीच्या सरकारी कारखान्याचा ‘इंदू’ हा कृष्णधवल रोल बरीच वर्षं चालला. रंगीत रोल लग्नापुरता. आणि या रोलबरोबर घरात आल्या त्या डब्या. काळ्या, राखाडी झाकणाच्या, हवा न जाणाऱ्या डब्या. एकात कुंकू, एकात तुरटी, एकात शिवणाच्या सुया, एकात आजीची तपकीर, एकात रेल्वेच्या प्रवासासाठी लोणचं. फोटो कसेही येवोत, डब्या वाया गेल्या नाहीत.

काहीच वाया जायचं नाही. कॅमेऱ्याची चामड्याची पिशवी उसवली की चौकातल्या मोच्याकडे, पट्टा तुटला की जुन्या दप्तराचा पट्टा. लेन्सचं झाकण दोऱ्याने बांधलेलं, कारण पहिलं घाटावर पाण्यात गेलं होतं. पावसाळ्यात काचेवर बुरशी चढते हे कळल्यापासून औषधांच्या बाटल्यांत निघणाऱ्या त्या ‘खाऊ नये’ लिहिलेल्या पांढऱ्या पुड्या जमवायचा छंद सगळ्यांना लागला. फराळाच्या घट्ट झाकणाच्या डब्यात खाली पुड्या, वर कॅमेरा. दिवाळीत डबा चकलीला लागला की कॅमेरा महिनाभर उघड्यावर, कारण तोवर पाऊस संपलेला असायचा. हे वेळापत्रक कोणी ठरवलं नव्हतं, पण ते चुकलं कधीच नाही.

तिलवाऱ्याला आम्ही फोटोसाठी जायचो असं म्हणणं खोटं होईल. जायचो ते संक्रांतीला स्नानासाठी, तिळभांडेश्वराला तीळ वाहायला, ऊस आणि बोरं घ्यायला, आणि मराठी बायकांचं हळदीकुंकू तिथेच वाळूवर उरकायला. आमच्या आज्यांना तो घाट वेगळाच आठवायचा. १९३९ च्या मार्चमध्ये तिथेच जवळ त्रिपुरी काँग्रेस भरली होती. अधिवेशन ५२ वं म्हणून मिरवणुकीच्या रथाला ५२ हत्ती, आणि अध्यक्ष सुभाषबाबू तापाने आजारी, म्हणून रथात त्यांची तसबीर. आज्यांनी हत्ती मोजले होते. दर संक्रांतीला त्या आम्हांला मोजून दाखवायच्या आणि दर वेळी चाळिशीत कुठे तरी गडबड व्हायची. १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थी याच घाटावर नर्मदेत सोडल्या गेल्या, तेही त्यांनी गर्दीत मागे उभं राहून पाहिलेलं. या दोन्हींचा एकही फोटो आमच्या कोणाच्या घरात नाही. तेव्हा क्लिक थ्रीही नव्हता. म्हणूनच असेल, पुढे कॅमेरा आल्यावर आमच्या वडीलमंडळींनी तिलवाऱ्याचे फोटो काढण्यात कधी हात आखडला नाही. पूल, घाट, नावा, ओले केस पुसणाऱ्या काकू. पौषातल्या सकाळी धुकं आणि कोवळं ऊन. ढगाची खूण लावायची की उन्हाची, यावर वाळूत उभ्या उभ्या वाद.

आता या वडीलमंडळींबद्दल सांगायला हवं, कारण लेन्सचा निकाल त्यांनीच लावला. आमच्यातले निम्मे बाप निर्माणीतले. कोणी गन कॅरेज फॅक्टरीत, कोणी खमरियाला, कोणी शक्तिमान ट्रक आणि जोंगा बनवणाऱ्या वाहन निर्माणीत. सकाळी भोंगा वाजला की सायकलींची रांग. हे लोक घरातही मिस्त्रीच असायचे. नवं काही आणलं की आधी हलवून बघायचं, ‘खेळ’ किती आहे. दाराची कडी, सायकलचं हँडल, मिक्सरचं भांडं, जावयाची मोटरसायकल. सगळ्यांत खेळ शोधायचा आणि सापडला की समाधानाने मान हलवायची.

तर २०१० च्या आसपास आमच्या घराघरांत डिजिटल एसएलआर येऊ लागले. बहुतेक ठिकाणी बॉडी अमेरिकेतल्या नाही तर बंगलोरच्या कोणा भाच्याने दिलेली, ‘मामा, तुम्हांला राहू दे’ म्हणून. लेन्स मात्र आपली आपण घ्यायची. आणि लेन्स म्हटल्यावर दुकानात जो शब्द सगळ्यांत आधी कानावर पडायचा तो ‘आयएस’, नाही तर ‘व्हीआर’. पुण्याच्या चुलतभावाने फोनवर समजावलं की कॅनन आयएस म्हणतं, निकॉन व्हीआर म्हणतं, सिग्मा ओएस, टॅमरॉन व्हीसी. काम एकच, हाताची थरथर काढायची. कॅननने एसएलआरसाठी अशी पहिली लेन्स १९९५ मध्ये काढली होती, ७५-३०० ची. तेव्हा ती मोजक्यांच्या गळ्यात असायची. २००७ नंतर बॉडीबरोबर मिळणाऱ्या साध्या १८-५५ मध्येही ती सोय आली, आणि मग आमच्यासारख्यांच्या घरात त्यावर सभा भरू लागल्या.

सभा म्हणजे सभाच. रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, चटईवर. चुलतभावाने पाठवलेल्या किमतींचा कागद मध्ये. थोरल्या काकांचा पहिला प्रश्न होता, “हे चालतं कसं?”

भाच्याने फोनवर सांगितलं. आत दोन बारीक जायरो असतात. एक वर-खाली झुकणं ओळखतो, एक डावं-उजवं. ते सांगतील त्याप्रमाणे लेन्सच्या आतला एक काचेचा गट विद्युतचुंबकाने क्षणोक्षणी सरकतो, आणि चित्र सेन्सरवर जागच्या जागी राहतं. माणसाच्या हाताला सेकंदाला आठ-दहा वेळा बारीक कंप असतोच, कोणाचाही हात घ्या. तो कंप ही काच खाऊन टाकते.

काका आणि त्यांचे दोन निवृत्त मित्र काही क्षण गप्प. मग एक जण म्हणाले, “म्हणजे रणगाड्याच्या तोफेला असतं ते. गाडी खड्ड्यांतून चालली तरी नळी निशाण सोडत नाही.” दुसरे म्हणाले, “जायरोच तिथेही.” झालं. दुकानदाराला जे आम्हांला पटवता आलं नव्हतं ते तीन म्हाताऱ्यांनी चहा यायच्या आत निकालात काढलं. मुद्दा एवढाच राहिला की काचेच्या गटात खेळ किती. लेन्स कानाशी धरून हलवली की आत टकटक ऐकू येते. काहींना वाटतं ती मोडली. बंद असताना काही लेन्सांमधला तो गट मोकळा राहतो, म्हणून वाजतो. काकांना हे कळल्यावर त्यांना ती लेन्स फारच आवडली, कारण खेळ होता आणि तो मुद्दाम ठेवलेला होता.

मग हिशेब. जुना नियम असा की हातात धरून फोटो काढायचा तर शटर लेन्सच्या लांबीइतकं तरी जलद हवं. कॅननच्या लहान सेन्सरवर १३५ ची लेन्स जवळजवळ २१६ सारखी वागते, म्हणजे सेकंदाचा दोनशेवा भाग. कंपनी सांगते चार स्टॉपचा फायदा. स्टॉप म्हणजे दुप्पट वेळ: दोनशेचा शंभर, शंभरचा पन्नास, पन्नासचा पंचवीस, पंचविसाचा साधारण तेरावा भाग. थोरल्या काकांनी कागदावर तेरा लिहिलं, त्याखाली क्लिक थ्रीचा तीस लिहिला, आणि चष्मा काढून म्हणाले, “अरे, मग आपण ओसरीच्या खांबाला इतकी वर्षं पाठ का घासली?”

कंपनीचे चार स्टॉप घरी तीन धरावेत, हे आमचं मत. गाडीचं अ‍ॅव्हरेजही आपण तसंच धरतो.

कोणती घ्यायची यावर मात्र एकमत होईना. एका घराने सोनीची बॉडी घेतली होती. तिच्यात थरथर काढायची सोय बॉडीतच, सेन्सरच हलतो. पेंटॅक्सचंही तसंच. म्हणजे एकदा खर्च केला की जुनी-नवी कोणतीही लेन्स लावा, ती स्थिरच. काटकसरीच्या दृष्टीने हे इतकं पटण्यासारखं होतं की सगळे त्या बाजूला झुकले. पण त्या एसएलआरमध्ये डोळा लावल्यावर दिसणारं चित्र थरथरतच राहतं, स्थिर होतो तो फक्त फोटो. लेन्समध्ये सोय असली की बटण अर्धं दाबल्यावर डोळ्यासमोरचं चित्रही थबकतं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला हा फरक फार मोठा. काकांनी खिडकीतून समोरच्या गच्चीवरचं वाळत घातलेलं लुगडं बघितलं, बटण अर्धं दाबलं, काठाची नक्षी एकदम उभी राहिली, आणि त्यांनी कॅमेरा खाली ठेवायला नकार दिला. तिथे सोनीचा पक्ष हरला.

राहिला पल्ला. एक गट म्हणे १८-५५ आणि ५५-२५० अशी जोडी घ्यावी, स्वस्त आणि काच चांगली. दुसरा म्हणे घाटावर वाळू उडते, तिथे लेन्स बदलायची म्हणजे सेन्सरवर जत्रा भरवायची. एकच घ्या, १८-२००. तिसरा १८-१३५ वर अडून. निकॉनवाल्या घराची १८-१०५ आधीच आलेली होती, ते बाजूला बसून पान खात होते.

इथे आई उठली. तिने तोवर एकही शब्द काढला नव्हता. कागदावरची वजनं वाचून दाखवायला सांगितली. १८-५५ ची २०० ग्रॅम. “पावशेराच्या आत.” १८-१३५ ची ४५५ ग्रॅम. “अर्धा शेर.” १८-२०० ची ५९५ ग्रॅम. आई म्हणाली, “अर्ध्या शेराच्या वर जी वस्तू जाते ती घरात राहते. बाजारात न्यायची पिशवीसुद्धा जड झाली की खुंटीला टांगलेलीच राहते. रोज गळ्यात घालायचं आहे ना? मग अर्धा शेर.” रोजच्या वापराच्या लेन्सबद्दल पुढे आम्ही बरंच वाचलं, पण यापेक्षा नेमकं काही वाचल्याचं आठवत नाही.

लेन्स मुंबईहून आली. बोराबाजारात बिलाशिवाय दोन हजार कमी पडत होते, काकांनी फोनवर सांगितलं, “बिल घे, कार्डावर शिक्का घे, शिक्का वाचता येतो का बघ.” हावडा मेलने, मावसबहिणीच्या मांडीवर, दोन टॉवेलांत गुंडाळून ती जबलपूरला उतरली. बरोबर ६७ मिलीमीटरचा यूव्ही फिल्टरही होता, धुवांधारच्या तुषारांसाठी. तो पुसायला आजीचं जुनं मऊ लुगडं फाडून रुमाल केले होते.

नंतर जिच्या-तिच्या घरी काय काय झालं ते थोडक्यात. लांब पल्ल्याची झूम घेणाऱ्या घरात ती खाली टांगली की आपोआप लांब व्हायची. वाहन निर्माणीतल्या काकांनी सायकलच्या ट्यूबची एक पट्टी कापून तिच्या मानेवर चढवली, आणि ती आजही तशीच आहे. ट्रायपॉडवर लावली की आयएस बंद करायचं, नाही तर काही लेन्सा नसलेली थरथर शोधत स्वतःच हलतात. हे एका घराने कागदावर लिहून ट्रायपॉडच्या पायाला चिकटवलं. धुवांधारला १८ वर ठेवून सेकंदाच्या चौथ्या भागाला हातातच फोटो निघाला, पाणी कापसासारखं पिंजलेलं आणि कठडा धारदार. पांढऱ्या संगमरवरामुळे कॅमेरा फसतो आणि सगळं करडं करतो, म्हणून उजेड थोडा चढा ठेवायचा, हेही तिथेच शिकलो. पंचवटी घाटावरून नाव संगमरवरी कड्यांत शिरली की सूर्य वरच राहतो. तिथे नाव डुलते, नाववाला तुकबंदीत बोलतो, सगळे हसतात, आणि लेन्स हाताची थरथर काढते पण नावेचं डुलणं तिच्या आवाक्याबाहेर. नाववाल्याला थोडं थांबायला सांगावंच लागतं. तो थांबतो, तुकबंदी थांबत नाही.

ग्वारीघाटच्या संध्याकाळच्या आरतीने तर सगळा मामला उघडा केला. पंधराव्या भागाला घेतलेल्या फोटोत पायऱ्या, देवळाची कमान, कठड्याला टेकलेली म्हातारी, सगळं रेघेगणिक स्पष्ट. आणि आरती ओवाळणाऱ्यांचे हात मात्र उजेडाचे पट्टे झालेले, पाण्यात सोडलेल्या दिव्यांच्या रेघा. काकू म्हणाल्या, “छान आलाय.” काका म्हणाले, “हलले आहेत ते.” लेन्स फोटो काढणाऱ्याला स्थिर करते, समोरच्याला नाही. धावणाऱ्या नातवाला थांबवायचं तर जलद शटर हवं, आणि त्यासाठी उघडी लेन्स हवी. तेव्हा पुढच्या दिवाळीला पन्नासची दीड बोट जाड, स्वस्त १.८ ची लेन्स घरात आली. तिला आयएस नव्हतं. नातवाला ते चाललं.

पण ज्यांचा हात आधी स्थिर होता त्यांचाच आता कापायला लागला होता. ओसरीच्या खांबाला पाठ लावून श्वास धरणारे, मायक्रोमीटरवर सुताची जाडी वाचणारे ते हात. चहाची बशी वाजायची, सही करताना बँकेतल्या मुलीला दोनदा मान हलवावी लागायची. त्या वर्षांत काकांनी काढलेले फोटो घरातल्या सगळ्या फोटोंपेक्षा जास्त आहेत. तुळशीचं वृंदावन, वहिनींच्या हातातली बोरं, अंगणातलं खारीचं पिल्लू, तिलवाऱ्याच्या जुन्या पुलावर उभा राहून पतंग उडवणारा कोणाचा तरी पोर. प्रत्येकात एक दोष निघेल, फोटो किंचित तिरका असतो. तिरकेपण त्या लेन्सला कळत नाही.

गेल्या वर्षी भाच्याने पुन्हा फोन केला. आता मिररलेस घ्या, सेन्सरही हलतो आणि लेन्सही. चटई पुन्हा पसरली गेली; सभासद थोडे कमी झाले आहेत. कोणी विचारायच्या आधीच सगळ्यांच्या मनात एकच होतं: मग या लेन्सचं काय करायचं?

तिला अडॅप्टर मिळतो, भाचा म्हणाला. जुनी लेन्स नव्या बॉडीला लागते, आयएसही चालू राहतं. फोटो थोडा कापला जातो, एवढंच.

“अडॅप्टरचं वजन?” आईने आतून विचारलं.

“११० ग्रॅम.”

“अर्धा पावशेर,” आई म्हणाली. “घ्या. आणि डबा मोठा बघा.”